तीन मुलांसाठी तर्कशास्त्र

राज्य मंडळाची अकरावी-बारावीच्या विषयांची यादी एकदा निवांत वाचून पाहावी. तर्कशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, भूशास्त्र, संरक्षणशास्त्र, सहकार, बालविकास, वस्त्रशास्त्र, अन्नशास्त्र, पाली, अर्धमागधी, गुजराती, भारतीय संगीताचा इतिहास. वाचणाऱ्याला वाटावे, महाराष्ट्रातल्या सोळा वर्षांच्या मुलापुढे निवडीला तोटाच नाही. प्रत्यक्षात ही यादी पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयातही एका छताखाली सापडत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरसारख्या गावापर्यंत येता येता तिच्यातली मोजकी नावे उरतात: मराठी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. सातपुड्याच्या पायथ्याच्या कला शाखेचा हा साधारण ठरलेला संच. मुलाने विषय निवडायचा असतो असे प्रवेशाच्या अर्जावर लिहिलेले असते. निवड त्याच्या आधीच झालेली असते.

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे बाजारगाव. शहादा, तळोदा, अक्कलकुवा मागे टाकून हा रस्ता इथून गुजरातेत शिरतो. पुढे सागबारा, मग डेडियापाडा. उत्तरेला डोंगर, त्यात काठी आणि मोलगी, आणि डोंगरापलीकडे नर्मदा. बाजारात गुजराती चालते, शाळेत मराठी, घरी भिलीची कुठली तरी बोली. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती, त्यातले जवळपास ६९ टक्के आदिवासी, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे राज्यात सर्वांत खाली. हे आकडे इतक्या वेळा छापून आले आहेत की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते. म्हणून इथे जरा वेगळ्या बाजूने विचार करायचा आहे. जो मुलगा किंवा मुलगी गळती, स्थलांतर, बालविवाह, इंग्रजीची धास्ती हे सगळे ओलांडून दहावी पास झाली, तिला पुढे काय शिकता येते? हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही, कारण ती शाळेत टिकली यातच सगळ्यांचे समाधान होते.

विषय मिळत नाही याचे कारण शिक्षकाची अनास्था किंवा संस्थाचालकाचा कंजूषपणा एवढेच नाही. ते हिशेबात आहे. कनिष्ठ महाविद्यालयात विषय सुरू करायचा तर विषयमान्यता लागते, शिक्षकाचे पद मिळवायचे तर कार्यभार दाखवावा लागतो, कार्यभार दाखवायचा तर तुकडी भरावी लागते, आणि हे सगळे दरवर्षी संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून पदे ठरवण्याच्या, कागदावर टिकावे लागते. एका गावात तीन मुलांना तर्कशास्त्र शिकायचे असेल तर त्यांच्यासाठी पद मंजूर होणार नाही, आणि ते न होणे समजण्यासारखे आहे. फार तर तासिका तत्त्वावर कुणी येईल, तोही एखाद्या वर्षी. पण जिल्ह्यात सहा तालुके आहेत: अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, शहादा, नंदुरबार, नवापूर. बारा गावांत प्रत्येकी तीन मुले धरली तर छत्तीस होतात, आणि छत्तीस मुलांचा वर्ग हा कुठल्याही निकषाने वर्गच असतो. फक्त तो एका खोलीत बसलेला नसतो.

त्या छत्तीस जणांना एकत्र आणायचे दोनच मार्ग आहेत. मूल हलवायचे, किंवा तास हलवायचा. या भागाने पहिला मार्ग पुरेपूर पाहिला आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहे ही मूल हलवण्याचीच व्यवस्था. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळा मिळवून समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून दोन नावे पुढे केली: पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधलेच तोरणमाळ. म्हणजे मुलांना हलवण्याच्या धोरणाचा आदर्श म्हणून हाच जिल्हा राज्याला दाखवला गेला. तास हलवण्याचा मार्ग मात्र इथे, किंबहुना महाराष्ट्रात कुठेच, नीट चालून पाहिलेला नाही. चाळीस वर्षांत जे झाले ते वेगळेच होते, आणि त्याचा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आधी बाहेरचे थोडे पाहू, कारण ही कल्पना नवी नाही आणि श्रीमंत देशांपुरतीही नाही.

ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जहून १९५१ मध्ये रेडिओवर शाळा सुरू झाली, ती शेकडो मैलांवर विखुरलेल्या गुरांच्या वाड्यांवरच्या मुलांसाठी. मेक्सिकोने १९६८ मध्ये ‘टेलेसेकुंदारिया’ काढली. जिथे माध्यमिक शाळेला विषयवार शिक्षक मिळत नाहीत तिथे दूरचित्रवाणीवर प्रत्येक विषयाचा धडा, आणि वर्गात सगळ्या विषयांना मिळून एकच शिक्षक. आज त्या व्यवस्थेत दहा लाखांहून जास्त मुले शिकतात. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, ती बरीचशी रास्त आहे. पण अर्धशतक उलटून ती टिकली याचे कारण पडद्यावरच्या धड्याबरोबर खोलीतला तो एक शिक्षक होता. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये प्रश्न अगदी आपल्यासारखा होता: किनाऱ्यावर मच्छीमारांची छोटी गावे, गावात छोटी शाळा, आणि प्रगत गणित शिकवायला माणूस नाही. तिथे १९८८ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून अनेक शाळांना मिळून प्रगत गणिताचा वर्ग सुरू झाला. सुरुवात एका विषयाने झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेतला ‘व्हर्च्युअल हायस्कूल’चा प्रयोग मला या सगळ्यांत अधिक शिकण्यासारखा वाटतो. मॅसॅच्युसेट्समधल्या हडसन या गावाच्या शाळा आणि एका संशोधन संस्थेने मिळून तो १९९७ मध्ये सुरू केला. त्याचा नियम साधा होता. सहभागी शाळेने आपला एक शिक्षक दिवसातल्या एका तासापुरता मोकळा करायचा. तो शिक्षक सगळ्या शाळांतल्या मुलांना मिळून एक ऐच्छिक विषय ऑनलाइन शिकवणार. त्या बदल्यात त्या शाळेच्या एका वर्गाएवढ्या मुलांना इतर शाळांच्या शिक्षकांकडून हवे ते विषय शिकता येणार. शिवाय प्रत्येक शाळेत या मुलांकडे पाहणारा एक समन्वयक हवाच. यात केंद्र नाही. एक तास देणारी शाळा एका वर्गाच्या जागा मिळवते. सावडीने पेरणी-कापणी करणाऱ्या शेतकऱ्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

ब्राझीलच्या ॲमेझोनास राज्याचे उदाहरण खापरच्या उत्तरेकडच्या डोंगरांना जास्त जवळचे आहे. नदीकाठची वस्ती, रस्ता नाही, होडीशिवाय जाता येत नाही. २००७ पासून मनाउस शहरातल्या स्टुडिओतून उपग्रहामार्फत उच्च माध्यमिकचे धडे या वस्त्यांना थेट जातात. मुले प्रश्न विचारू शकतात, आणि प्रत्येक वर्गात एक स्थानिक शिक्षक बसलेला असतो. नर्मदेच्या काठावर सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा आणि अक्राणीची मिळून ३३ गावे सापडली. तिथल्या मुलांसाठी नर्मदा आंदोलनाने १९९० च्या दशकात जीवनशाळा काढल्या, त्या प्राथमिक स्तरावर. पुढच्या इयत्तांसाठी मूल पुन्हा डोंगर उतरून खालीच येते.

आता आपला हिशेब. भारताने उपग्रहावरून शिकवण्याचा मोठा प्रयोग जगाच्या फार आधी केला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत ‘साइट’ कार्यक्रम दाखवला गेला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. इन्सॅट उपग्रह आल्यावर १९८४ मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, तीच आपली बालचित्रवाणी. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी मराठी माणसांना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम आठवतात आणि आठवताना चेहऱ्यावर हसू येते. पण इन्सॅटच्या त्या योजनेचे कार्यक्रम पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा वयोगटांसाठी आखलेले होते. हायस्कूलच्या मुलासाठी, ज्याला शिक्षकच नाही अशा विषयासाठी, त्यात काही नव्हते. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. ती ज्या कारणांनी रखडत रखडत बंद पडली त्यावर वेगळा लेख होईल.

२० सप्टेंबर २००४ ला एड्युसॅट उडाला. खास शिक्षणासाठीचा हा पहिलाच भारतीय उपग्रह, त्यामुळे अपेक्षा फार होत्या. केरळने त्यावर ‘व्हिक्टर्स’ वाहिनी सुरू केली आणि उपग्रह गेल्यावरही ती टिकवली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा केरळकडे तयार वाहिनी होती ती यामुळे. इतरत्र चित्र निराळे होते. एड्युसॅट २०१० मध्ये निकामी झाला आणि २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने त्याच्या वापरावर कडक ताशेरे ओढले. जमिनीवरची जाळी उभारायला उशीर, दाखवायला पुरेसा आशय नाही, बसवलेली यंत्रे पडून. उपग्रह अवकाशात वेळेवर पोचला, खालच्या शाळा तयार नव्हत्या.

महाराष्ट्रात तास खऱ्या अर्थाने हलवण्याच्या सर्वांत जवळ कुणी गेले असेल तर मुंबई महापालिका. २०११ च्या सुमारास पालिकेने व्हर्च्युअल क्लासरूम सुरू केली. स्टुडिओत शिक्षक, उपग्रहाने जोडलेले शेकडो वर्ग, आणि कुठल्याही वर्गातल्या मुलाला हात वर करून प्रश्न विचारण्याची सोय. पण ही सोय झाली ती मुंबईत, जिथे तोच विषय शिकवणारा दुसरा शिक्षक दोन गल्ल्या ओलांडल्या की सापडतो. अक्राणी तालुक्यातल्या धडगावला ती पोचायला हवी होती. तंत्रज्ञानाचे आपल्याकडे असे होते: ज्याला गरज कमी त्याच्याकडे आधी जाते. याला एक गमतीचा अपवाद नंदुरबार जिल्ह्यातलाच आहे. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आधार इथे सगळ्या देशाच्या आधी आले. भूशास्त्राचा तास अजून यायचा आहे.

त्यानंतरच्या दशकात वाहिन्यांचा आणि मंचांचा पूर आला. २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’च्या ३२ वाहिन्या आल्या, ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ही आले. मे २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’ची घोषणा झाली: बारा इयत्तांना बारा वाहिन्या. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या २०० पर्यंत नेण्याचे जाहीर झाले. स्वयंप्रभाचे प्रक्षेपण गांधीनगरच्या ‘बिसॅग’ संस्थेतून वर जाते, म्हणजे खापरच्या एखाद्या घरावरच्या छत्रीत उतरणारा धडा शेजारच्याच राज्यातून निघून, छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली आलेला असतो. तो बहुतेक हिंदी किंवा इंग्रजीत असतो, ही गोष्ट मात्र एवढ्या प्रवासानेही बदलत नाही. ‘स्वयम्’वर अकरावी-बारावीचे मानसशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, लेखाशास्त्र आहे. कुणालाही फुकट पाहता येते. पण खापरच्या मुलीने ते सगळे पाहिले, समजून घेतले, तरी तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर मानसशास्त्र उमटत नाही, कारण तिच्या महाविद्यालयाला त्या विषयाची मान्यता नाही.

टाळेबंदीच्या दोन वर्षांत याच गोष्टीची उलट बाजू दिसली. तेव्हा मान्यता होती, विषय होते, शिक्षकही होते. खोली तेवढी गेली होती. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० मध्ये ‘टिलीमिली’ सुरू झाली, ती पहिली ते आठवीसाठी. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांच्या मुलांसाठी ‘अनलॉक लर्निंग’ काढले. त्यात पडद्यापेक्षा पुस्तिका आणि गावोगाव फिरणाऱ्या शिक्षकांवर भर होता, आणि तो शहाणपणाचा होता. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात ‘बोलकी शाळा’ या नावाने ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले. ज्याच्या हातात मोबाइल होता त्याला टेकडीवर चढून रेंज शोधावी लागली. या काळातून लोकांनी एक निष्कर्ष फार घाईने काढला: ऑनलाइन शिक्षण आदिवासी भागात चालत नाही. मला तो अर्धाच खरा वाटतो. घरी एकटे बसलेले मूल आणि त्याच्या हातातला बापाचा मोबाइल, हे चालत नाही. शाळेच्या खोलीत, वेळापत्रकातल्या ठरलेल्या तासाला, शेजारी आणखी दोघे आणि समोर एक मोठा माणूस असताना पडद्यावरून शिकणे, हे आपण आदिवासी भागात कधी नीट करूनच पाहिले नाही. मेक्सिको आणि ॲमेझोनास यांनी हेच दुसरे केले होते.

इथे मुक्त शिक्षणाची वाट आठवते, कारण मान्यतेचा प्रश्न तिने काही प्रमाणात सोडवला आहे. ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचे, नेमून दिलेल्या संपर्क केंद्राशी जोडून घ्यायचे आणि मंडळाची परीक्षा द्यायची. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ मध्ये स्वतंत्र संस्था झाले. त्यात विषय निवडण्याची मोकळीक नियमित मंडळांपेक्षा कितीतरी जास्त. महाराष्ट्राने स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ २०१७ मध्ये काढले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यास केंद्रे चालवते आणि नोकरी करणाऱ्या, संसारात अडकलेल्या कितीतरी लोकांनी त्याच्या जोरावर पदवी घेतली. पण या सगळ्या व्यवस्था शाळेबाहेर पडलेल्यासाठी आहेत. नियमित शाळेत बसलेल्या मुलाला पाच विषय इथे आणि सहावा मुक्त मंडळातून, अशी जोडणी करता येत नाही. एक तर तो पूर्ण आत, नाही तर पूर्ण बाहेर. मधले दार बंद ठेवण्यात कुणाचा काय फायदा, हे मला आजवर कळलेले नाही.

ऐच्छिक विषयाची एक मराठी कहाणी मात्र चांगली आहे आणि ती दूरशिक्षणाची नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी बसवलेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय पुढे राज्य मंडळाने मान्य केला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम: जोडकाम, वीज, शेती, अन्न. शिकवायला बी. एड. झालेला शिक्षक नसे, गावातलाच कारागीर किंवा शिकलेला तरुण निदेशक म्हणून येई. राज्यात नववीपासून आलेल्या व्यवसाय शिक्षणाच्या विषयांतला ‘मल्टी स्किल’ हा त्याच वंशातला. पाबळने दाखवले ते असे की एखादा विषय लहान गावात रुजतो तो मंडळाने त्याला गुणपत्रिकेवर जागा दिली आणि शाळेने वेळापत्रकात दिवस दिला म्हणून. पंचतारांकित प्रयोगशाळा लागली नाही. आणि निदेशक हे पद, पूर्ण शिक्षक नाही पण परकाही नाही असे, तिथे चालले.

हे सगळे आता तातडीचे का झाले आहे? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने कला-वाणिज्य-विज्ञान यांच्यातल्या भिंती काढायला सांगितले. ऑगस्ट २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने अकरावी-बारावीसाठी दोन भाषा आणि चार विषय सुचवले, तेही वेगवेगळ्या गटांतून निवडायचे. भौतिकशास्त्राबरोबर संगीत, इतिहासाबरोबर गणित. महाराष्ट्राचा आराखडाही २०२४ मध्ये त्याच वाटेने आला. कागद सुंदर आहे. पण ज्या महाविद्यालयात आज एकाच शाखेचे सात शिक्षक आहेत, तिथे हे स्वातंत्र्य कुठून येणार? ज्या शहरात शंभर विषय शिकवणारी माणसे आहेत तिथे ते लगेच मिळेल, आणि खापरमध्ये त्याच सात विषयांना नव्या गटांची नावे दिली जातील. निवडीचे धोरण शिक्षकांची व्यवस्था न करता राबवले तर ते दरी वाढवते.

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आधी मोठ्या शहरांपुरती होती. २०२५-२६ मध्ये ती प्रथमच सगळ्या राज्याला लागू झाली. सातपुड्यातल्या मुलानेही संगणकावर दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे. व्यवस्थेला राज्यभरातल्या जागा एका पडद्यावर दिसू लागल्या, आणि लाखो जागा रिकाम्या राहिल्याचेही दिसले. मग कुठल्या गावात कुठला विषय हवा आहे हे का दिसू नये? अर्जात एक रकाना वाढवला, ‘तुमच्या महाविद्यालयात नसलेला कोणता विषय शिकायला आवडेल?’, तर एका उन्हाळ्यात जिल्ह्याची खरी मागणी हाती येईल. आज ती कुणाकडेही नाही. तर्कशास्त्राला तीन मुले मी गृहीत धरली. ती तेरा असतील, किंवा एकही नसेल.

अडथळे पाहू. पहिला सगळ्यांच्या तोंडी असतो तो वीज आणि रेंज. तो खरा आहे, पण दिवसेंदिवस लहान होत चालला आहे, आणि रस्त्यावरच्या खापरला तो मोलगीच्या वरच्या पाड्यांइतका कधीच नव्हता. मोठे अडथळे कागदावर आहेत. कला शाखेच्या विषयात ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत, विज्ञानात ७० आणि ३०. ते २० गुण कोण देणार? नंदुरबारला बसून शिकवणारा शिक्षक, की खापरच्या खोलीत बसलेला? सही कुणाची? मूल कुणाच्या पटावर? आणि तो तास शिकवणाऱ्याच्या कार्यभारात धरला जाणार का? या चार प्रश्नांची उत्तरे एका शासन निर्णयात मावतील. ती नसली तर जगातला सर्वांत वेगवान इंटरनेट आणूनही तो वर्ग शनिवारी दुपारचा हौशी उपक्रम होऊन राहील, उत्साही मुख्याध्यापकाची बदली होईपर्यंत.

दुसरा अडथळा भीतीचा आहे आणि मी तिला फुटकळ मानत नाही. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयापासून लहान शाळांचे शिक्षक आधीच धास्तावलेले आहेत. त्यात ‘पडद्यावरून शिकवता येते’ हे एकदा सिद्ध झाले की रिकामी पदे भरायची गरजच काय, असे वित्त विभाग म्हणणार नाही याची हमी कोण देणार? इतिहासाचे पद रिक्त आहे म्हणून इतिहास पडद्यावर, पुढच्या वर्षी मराठीही पडद्यावर. ही घसरण रोखायची तर नियम सुरुवातीलाच लिहावा लागेल: सामायिक तास फक्त अशा विषयाला, जो त्या शाळेत मंजूर नाही. मंजूर पदाला पर्याय म्हणून तो कधीच चालणार नाही. शिक्षक संघटनांनी या कल्पनेला विरोध करण्यापेक्षा हे कलम मागून घ्यावे, असे मला वाटते; विरोध केला तर समूहशाळा येईल, आणि तिच्यात पदेही जातील आणि मुलेही हलतील.

तिसरा अडथळा भाषेचा. घरी देहवाली किंवा नोईरी किंवा पावरी, शाळेत मराठी, विज्ञान शाखेत अकरावीला एकदम इंग्रजी. प्रत्यक्ष वर्गात शिक्षकाला मुलाचा चेहरा दिसतो, तो थांबतो, दुसऱ्या शब्दात सांगतो. पडद्यावरच्या शिक्षकाला बारा खोल्यांतले छत्तीस चेहरे दिसत नाहीत. म्हणून खोलीतला माणूस हवा तो केवळ शिस्तीसाठी नाही. त्याला तर्कशास्त्र येत नसले तरी चालेल. त्या मुलांची बोली यायला हवी आणि ‘हे कळले नाही’ असे त्यांच्या वतीने म्हणण्याची हिंमत हवी. पाबळचा निदेशक इथे उपयोगी पडतो. गावातली पदवी झालेली, नोकरी नसलेली मुलगी हे काम कुठल्याही परगावच्या शिक्षकापेक्षा बरे करेल.

आणि देवाणघेवाणीचे काय? दूरशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातून खेड्याकडे जाणारा बाण येतो. साइटपासून ई-विद्येपर्यंत तो एकाच दिशेने गेला. हडसनच्या हिशेबात मात्र घेणाऱ्या प्रत्येक शाळेला काही तरी द्यावे लागते, आणि खापरला देण्यासारखे आहे. गुजराती हा बारावीचा मान्य विषय आहे, आणि राज्यात मराठी माध्यमाच्या मुलाला व्यापारापुरती गुजराती शिकवू शकणारी गावे कुठे असतील तर ती याच रस्त्यावर. धुळ्या-जळगावच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना तो तास खापरहून गेला तर त्यात आश्चर्य काही नाही. भिली बोलींना मंडळाच्या यादीत जागा नाही. ती मिळवण्याची खटपट वेगळी आणि लांबची आहे, पण तशी जागा झालीच तर शिकवणारे पुण्यात सापडणार नाहीत.

प्रात्यक्षिकाचे विषय या पद्धतीने पुरे होत नाहीत, हे मान्य करून टाकावे. रसायनशास्त्राची परीक्षानळी पडद्यावरून हातात येत नाही. भूशास्त्राचे मात्र उलट आहे: दगड इथे आहेत, दख्खनच्या लाव्हाचे थर सातपुड्याच्या घाटात रस्ता कापलेला आहे तिथे उघडे पडले आहेत, कमी आहे ती सांगणाऱ्याची. दिवाळीच्या सुटीत आठवडाभर शहाद्याला किंवा नंदुरबारला प्रयोगशाळेचे शिबिर आणि बाकीचे वर्ष सामायिक तास, अशी विभागणी विज्ञानाच्या एखाद्या विषयात करता येईल. तळोद्याचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय अक्कलकुवा, अक्राणी आणि तळोदा हे तिन्ही तालुके पाहते. मुलांना शिबिराला नेण्या-आणण्याची आणि राहण्याची सवय त्या यंत्रणेला आहे.

सुरुवात कुठून करायची हे न्यूफाउंडलंडने सांगून ठेवले आहे: एका विषयापासून. वाहिन्या दोनशे असल्या काय आणि दोन असल्या काय. जूनमध्ये तीन तालुक्यांतल्या सहा कनिष्ठ महाविद्यालयांनी दुपारचा एक तास वेळापत्रकात सारखा ठेवावा, सोमवार ते गुरुवार, सगळीकडे एकाच वेळी. तेवढे जमले तर तर्कशास्त्र, मानसशास्त्र की गुजराती हे मुलांना विचारून ठरवता येईल. ते जमत नसेल, आणि माझा अंदाज आहे की पहिल्या वर्षी सगळ्यात कठीण तेच जाईल, तर उपग्रह मागण्यात अर्थ नाही.